सर हंफ्री डेव्ही

इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकाशी असलेल्या पेन्झन्स गावी १७७८ साली हंफ्री डेव्हीचा जन्म झाला. १७९४ साली पिता निवर्तला. मागे कर्ज उरले. थोरला हंफ्री एका वैद्याकडे उमेदवारीस राहिला. तेथेच त्यास रसायनशास्त्राची गोडी लागली.

१८०७ साली लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये त्याने पोटॅशमधून विद्युत्प्रवाह सोडला, तोच रुपेरी कण प्रकट झाले. पोटॅशियम नावाचा हा नवा धातू पाण्यावर पडताच जांभळट ज्योतीने पेटून सैरावैरा धावे. पुढल्याच वर्षी त्याने चुन्यातून कॅल्शियम वेगळे केले. त्याचा स्वभाव सौम्य. पाण्यात टाकल्यास ते तळाशी जाते, हायड्रोजनचे बुडबुडे सोडते आणि पाणी दुधाळ होते. कारण आपण भिंतीस लावतो तो विरलेला चुनाच त्यातून पुन्हा जन्मास येतो!

१८१२ साली प्रयोगातील स्फोटाने त्याचा डोळा दुखावला. तरी त्याने संशोधन सोडले नाही. १८१५ साली खाणकामगारांच्या रक्षणार्थ त्याने अभयदीप रचला आणि त्याचे पेटंट घेण्याचे नाकारले. १८२९ साली जिनीव्हा येथे त्याची प्राणज्योत मालवली. विद्यार्थ्यांनो, विद्येचा लाभ सर्वांस मोकळा ठेवणे, हीच त्याची खरी थोरवी होय.