शहराची मशागत करणारा प्राध्यापक

इमारत उभी राहते, रंग लागतो आणि मग उरल्यासुरल्या जागेत ‘गार्डन’ करायचे ठरते. तोवर तिथला आंबा तुटलेला असतो, विहीर बुजलेली असते आणि वरची कसदार माती ट्रकमधून कुठेतरी रवाना झालेली असते. मग विकतची माती, विकतची हिरवळ आणि तिला पाजायला टँकर! बँकेत असताना गृहकर्जांच्या निमित्ताने असे कितीतरी नकाशे माझ्या टेबलावरून गेले. त्यांतल्या हिरव्या चौकोनाच्या जागी आधी काय होते, हे सांगणारा नकाशा मात्र एकही पाहिला नाही. आधी काय आहे ते पाहा, हाच हेका आयुष्यभर धरणारा एक माणूस मुंबईत पाच वर्षे शिकवून गेला. त्याचे नाव पॅट्रिक गेडीस.

जन्म १८५४ चा, स्कॉटलंडमधला. वडील निवृत्त सैनिक. पर्थ गावाजवळच्या घराची बाग हीच मुलाची पहिली शाळा. वडिलांच्या आग्रहाखातर त्यांनी दीड वर्ष बँकेत नोकरी केली. आमच्या व्यवसायाचा एवढाच त्यांना स्पर्श! पुढे लंडनला हक्सली यांच्या हाताखाली ते जीवशास्त्र शिकले. १८७९ मध्ये मेक्सिकोत असताना डोळे अधू झाले, काही काळ अंधाऱ्या खोलीत काढावा लागला. दृष्टी परतली, पण सूक्ष्मदर्शकावरचे काम मागे पडले. मग या वनस्पतिशास्त्रज्ञाने शहर पाहायला घेतले, तेही वनस्पतीकडे पाहावे तसे: मुळे कुठे आहेत, पाणी कुठून येते, कुजले आहे ते नेमके किती.

१८८६ मध्ये ॲना मॉर्टन यांच्याशी विवाह झाल्यावर हे जोडपे राहायला गेले ते एडिंबरोच्या जुन्या, कळकट वस्तीत. शेजाऱ्यांना सोबत घेऊन चुना लावला, खिडक्यांत फुलझाडे ठेवली, मोडकळीला आलेले तेवढेच पाडले. त्यातून निघालेल्या मोकळ्या तुकड्यांवर बागा करण्याचे काम पुढे त्यांची कन्या नोरा हिने नेटाने केले. लॉनच्या शोभेशी त्याचा काही संबंध नव्हता. तिथल्या मुलांना ऊन आणि माती मिळावी, एवढ्यासाठी तो खटाटोप होता.

१९१४ मध्ये गेडीस हिंदुस्थानात आले. नगररचनेवरचे त्यांचे प्रदर्शन ज्या जहाजातून येत होते, ते जर्मन ‘एम्डेन’ने बुडवले. त्यांनी नवे साहित्य जमवले आणि गावोगाव हिंडू लागले. मद्रास इलाख्यातील तंजावर, मदुरा, आपल्याकडचे ठाणे, नंतर लखनौ. अभियंत्यांनी कागदावर सरळ रेघ ओढून वस्ती कापायची आणि गेडीसांनी त्याच गल्ल्यांतून पायी फिरून, पडीक घरे तेवढी काढून, मध्ये एक झाड आणि बसायला जागा सुचवायची, असा तो झगडा होता. त्यांचा मार्ग स्वस्तही पडे. मलेरियाच्या भीतीने तलाव बुजवण्याची तेव्हा टूम होती. त्यांचे म्हणणे सरळ होते: तलाव साफ ठेवा, मासे आणि बदके सोडा, डासांच्या अळ्या ती खातील, पावसाचा लोंढा पोटात घेणारी आणि हवा गार ठेवणारी ही जागा घालवू नका. आज पावसात तुंबणाऱ्या कॉलनीत गुडघाभर पाण्यातून चालणाऱ्याला हे वेगळे समजवायला नको.

१९१७ हे वर्ष त्यांच्यासाठी भयंकर ठरले. एप्रिलमध्ये थोरला मुलगा ॲलिस्टर फ्रान्समधल्या युद्धात पडला. ॲना कलकत्त्यात आजारी होत्या. त्यांना ही बातमी कळू दिली नाही. जूनमध्ये त्याही गेल्या. आणि त्याच साली, प्लेगने गांजलेल्या होळकरांच्या इंदुरात, या माणसाने दिवाळीची मिरवणूक काढली! ज्या रस्त्यांवरची घरे सर्वांत स्वच्छ, तिथूनच ती जाणार, अशी दवंडी होती. लोकांनी घरे झाडली, बिळे बुजवली, गाड्याच्या गाड्या कचरा काढला. मिरवणुकीत पांढऱ्या स्वच्छ कपड्यांतले सफाई कामगार मानाने चालले, घरोघरी लावायला तुळशीची रोपे वाटली गेली. तुळशीवृंदावन ही प्रत्येक घराची पहिली बाग आहे, हे आपल्याला परक्याने सांगावे लागले, याची मला मौज वाटते.

१९१९ ते १९२४ ते मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचे प्राध्यापक होते. मालवणचे गो. स. घुर्ये यांना पुढील शिक्षणासाठी विलायतेला पाठवण्यात त्यांचाच हात होता, आणि विभागाची धुरा पुढे घुर्यांनीच वाहिली. तसे गेडीस शिस्तीचे नव्हेत. लेखन क्लिष्ट, दहा कामे सुरू करायची आणि दोन पुरी करायची, असा खाक्या.

तेल अवीवसाठी १९२५ मध्ये केलेली योजना मात्र बरीचशी उतरली. मोठे रस्ते कडेने, आत लहान गल्ल्या, घरांच्या प्रत्येक गटाच्या पोटात एक सामाईक बाग. पुढे इमारती त्यांना हव्या होत्या त्याहून उंच झाल्या, तरी त्यातल्या अनेक बागा टिकल्या.

अखेरची वर्षे त्यांनी फ्रान्समध्ये, माँपेलिएजवळच्या एका खडकाळ, कोरड्या टेकडीवर काढली. तिथे विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह बांधले आणि त्याच दगडांतून टप्प्याटप्प्याची बाग उठवली. १९३२ च्या आरंभी ‘सर’ हा किताब घ्यायला ते लंडनला गेले, थंडीने आजारी पडले, पण परतले ते त्या टेकडीवरच. एप्रिलमध्ये तिथेच त्यांनी देह ठेवला.