डॉ. एडवर्ड लॉरी आणि हैदराबादचे क्लोरोफॉर्म कमिशन

वैद्यकाच्या इतिहासात हैदराबादचे नाव निघाले की आपल्याला सर रोनाल्ड रॉस आठवतात. त्यांनी 1897 मध्ये सिकंदराबादेत डासाच्या पोटात हिवतापाचे जंतू पाहिले. पण त्याच्या आठ वर्षे आधी अफजलगंज दवाखान्याच्या एका सर्जनने केलेल्या प्रयोगांनी लंडनच्या डॉक्टरांत खळबळ उडवली होती. त्यांचे नाव डॉ. एडवर्ड लॉरी.

लॉरी यांचा जन्म 1846 चा, शिक्षण एडिंबरोचे. भारतीय वैद्यकीय सेवेत आल्यावर ते काही काळ लाहोरला होते. 1885 मध्ये ते हैदराबादला रेसिडेन्सी सर्जन म्हणून आले आणि इथल्या वैद्यकीय शाळेचे प्रमुख झाले. हीच शाळा पुढे उस्मानिया मेडिकल कॉलेज झाली. त्यांच्या काळात या शाळेत मुलीही शिकू लागल्या. त्यांतल्या रूपाबाई फर्दुनजी जगातील पहिल्या महिला भूलतज्ज्ञांपैकी एक मानल्या जातात.

त्या काळी शस्त्रक्रियेआधी क्लोरोफॉर्म हुंगवत. 1847 मध्ये एडिंबरोच्या डॉ. सिम्पसन यांनी त्याचा वापर सुरू केला. पण 1848 च्या जानेवारीत इंग्लंडमध्ये हॅना ग्रीनर ही पंधरा वर्षांची मुलगी पायाच्या बोटाचे नख काढताना क्लोरोफॉर्मखाली क्षणात गेली. असे मृत्यू पुढेही होत राहिले. लंडनचे डॉक्टर म्हणत, हृदय एकाएकी थांबते, तेव्हा नाडी पाहा. एडिंबरोचे म्हणत, आधी श्वास थांबतो, तेव्हा श्वास पाहा. टेबलावरच्या रुग्णाचा जीव या उत्तरावर अवलंबून होता.

लॉरी हे एडिंबरोच्या सायम यांचे शिष्य, त्यामुळे श्वासाच्या बाजूचे. 1888 मध्ये सहावे निजाम मीर महबूब अली खान यांच्या आश्रयाने पहिले कमिशन नेमले गेले. कुत्र्यांवर प्रयोग झाले आणि श्वास आधी थांबतो असा निष्कर्ष निघाला. 'लॅन्सेट' या साप्ताहिकाने त्यावर शंका घेतली. तेव्हा लॉरी यांनी निजामांकडून 1000 पौंड मंजूर करून घेतले आणि 'लॅन्सेट'नेच आपला माणूस पाठवावा असे सुचवले. छातीच्या कळेवर अमिल नायट्राइट वापरणारे नामांकित डॉ. लॉडर ब्रन्टन 1889 मध्ये हैदराबादला आले. लॉरी, ब्रन्टन, बॉमफर्ड आणि डॉ. रुस्तमजी यांच्या दुसऱ्या कमिशनने शेकडो प्राण्यांवर प्रयोग केले, रक्तदाबाचे आलेख काढले. विरोधक म्हणून आलेले ब्रन्टनही लॉरी यांच्याशी सहमत झाले. 1891 मध्ये दोन्ही अहवाल मुंबईच्या टाइम्स ऑफ इंडियाच्या छापखान्यात एकत्र छापले गेले.

काम चोख होते, पण हिशेबातली एक नोंद राहून गेली होती. त्याच 1889 मध्ये ॲबरडीनच्या मॅकविल्यम यांनी मांडले होते की अचानक मृत्यूत हृदय नेहमीच शांतपणे थांबत नाही. त्याचे खालचे कप्पे ताल सोडून नुसते थरथरतात आणि रक्त पुढे ढकलले जात नाही. हे थरथरणे दाखवणारा ईसीजी तेव्हा नव्हता. आइन्थोव्हेन यांचे यंत्र 1903 च्या सुमारास आले. 1911 मध्ये लेव्ही यांनी मांजरांवर दाखवून दिले की भूल पूर्ण चढलेली नसताना शरीरात ॲड्रेनॅलिन वाढले तर क्लोरोफॉर्मने हृदयाचा ताल बिघडून मृत्यू येतो. भीतीनेही ॲड्रेनॅलिन वाढतेच. हैदराबादेत भर होता जास्त क्लोरोफॉर्मच्या परिणामांवर, आणि तिथे श्वासच आधी थांबतो. म्हणजे आलेख खोटे नव्हते, प्रश्न अपुरा होता.

लॉरी मात्र आपल्या मतावर ठाम राहिले. 1901 च्या आपल्या पुस्तकातही त्यांनी तेच मांडले. 1915 मध्ये त्यांचे निधन झाले.

मग त्यांचे श्रम वाया गेले का? तसे नाही. भूल देताना श्वासावरची नजर हलू द्यायची नाही, हा त्यांचा धडा आजही पाळला जातो. त्याच्या जोडीला हृदयाचा तालही आता पडद्यावर सतत दिसतो. दोन्ही पक्षांचे म्हणणे शेवटी एकाच टेबलाशी आले. कारण नसताना घेरी येऊन पडलेल्या माणसाचा डॉक्टर ईसीजी काढायला सांगतात, त्यामागेही हीच समज आहे. घरात कोणाला असे झाले तर ते अशक्तपणावर ढकलू नये.

विवेकवर्धिनीत शिकलेल्या आपल्यापैकी अनेकांची उस्मानिया रुग्णालयावरून रोजची ये-जा असे. मूसीकाठच्या त्या परिसराशी हा इतिहास जोडलेला आहे, हे आपल्या मुला-नातवंडांना जरूर सांगावे.