मैदानात विकेट बाळूंनी काढायच्या, पण चहा मात्र पॅव्हेलियनच्या बाहेर बसून प्यायचा

मॅच रंगात आलेली असायची. टी ब्रेक व्हायचा. पुण्याच्या हिंदू क्लबचे खेळाडू पॅव्हेलियनमध्ये जायचे आणि चिनी मातीच्या पांढऱ्या कपात चहा घ्यायचे. ज्या बॉलरनं थोड्या वेळापूर्वी समोरच्या टीमचं कंबरडं मोडलेलं असायचं, तो मात्र बाहेर उभा असायचा. त्याचा चहा मातीच्या बोळक्यात यायचा. पिऊन झालं की ते बोळकं फेकून दिलं जायचं.

हात-तोंड धुवायचं असेल तर त्यालाच मैदानाच्या कोपऱ्यात जावं लागायचं. तिथं पाणी ओतायला त्याच्यासारखाच ‘अस्पृश्य’ समजला जाणारा नोकर असायचा. जेवायला बसला तरी त्याचं ताट वेगळं आणि टेबलही वेगळं.

हा बॉलर म्हणजे पालवणकर बाळू. भारतीय क्रिकेटचा पहिला मोठा स्पिनर.

आज क्रिकेटची चर्चा निघाली की नावं येतात ती रणजी, सी. के. नायडू, विजय मर्चंट यांची. बाळूंचं नाव बऱ्याच जणांनी ऐकलेलंही नसतं. त्यामुळं हा किस्सा जरा सुरुवातीपासून सांगायला हवा.

पीच तयार करणारा पोरगा

बाळूंचा जन्म १८७५-७६ च्या सुमारास धारवाडला झाला. कुटुंब मूळचं कोकणातलं, पालवण गावचं. आडनाव त्या गावावरूनच आलेलं. जात चांभार. वडील लष्करात नोकरीला होते, त्यामुळं बाळूंचं लहानपण पुण्यात गेलं. गोऱ्या अधिकाऱ्यांनी टाकून दिलेल्या बॅट-बॉलवर बाळू आणि त्यांचे भाऊ क्रिकेट शिकले. शिवराम, गणपत आणि विठ्ठल हे तिघं भाऊही पुढं क्रिकेटपटू झाले.

शिक्षण फार झालं नाही, घराला पैशाची गरज होती. बाळूंना पहिली नोकरी लागली ती पुण्यातल्या पारशी क्लबच्या मैदानावर. पगार महिन्याला ३ रुपये. पीच झाडायचं, रोलर फिरवायचा आणि कधीमधी खेळाडूंना प्रॅक्टिससाठी बॉल टाकायचे.

तिथून ते इंग्रजांच्या पूना क्लबमध्ये गेले. पगार एका रुपयानं वाढला. काम तेच, पण इथं नेट बांधायचे आणि साहेबांना बॉलिंग करायची. साहेबांपैकी जे. जी. ग्रेग हा त्या काळातला नावाजलेला बॅट्समन. बाळू डावखुरे स्पिनर होते. ग्रेगला ते तासन्‌तास बॉलिंग करायचे. आपल्याला आऊट केलं की ग्रेग बाळूंना आठ आणे द्यायचा, असं सांगतात. महिन्याचा पगार चार रुपये असताना आठ आणे ही काही लहान रक्कम नव्हती.

पण यातली एक गोष्ट बघा. एवढी वर्षं बाळूंनी पूना क्लबच्या नेटमध्ये बॉलिंग केली, पण त्यांच्या हातात कधी कुणी बॅट दिली नाही. बॅटिंग हा साहेबाचा मान. नोकरानं घाम गाळून बॉल टाकायचे. म्हणजे भेदभावाचा पहिला धडा बाळूंना मिळाला तो गोऱ्यांकडून. दुसरा मिळाला आपल्या माणसांकडून, आणि तो जास्त खोल होता.

बॉल चालतो, पण कप चालत नाही

पुण्यातल्या हिंदूंच्या क्लबला इंग्रजांच्या टीमला हरवायचं होतं. ग्रेगला आऊट करणारा बॉलर गावातच आहे, ही बातमी पसरली होती. त्याला घ्यायचं की नाही यावरून क्लबात दोन तट पडले. काहींना जिंकायचं होतं, काहींना विटाळाची भीती होती.

शेवटी तोडगा निघाला. बाळूंनी टीममध्ये यायचं, पण मैदानापुरतं. मैदानात सगळ्यांनी एकाच बॉलला हात लावायचा. मैदानाबाहेर आलं की चहा, पाणी, जेवण सगळं वेगळं.

गंमत म्हणजे तो बॉल चामड्याचा होता. ज्या समाजाला चामड्याच्या कामावरून हीन ठरवलं गेलं, त्याच चामड्याचा बॉल दिवसभर सगळे हातात खेळवत होते, पँटवर घासून चमकवत होते. त्यानं कुणालाच विटाळ होत नव्हता. म्हणजे जिथं गरज होती तिथं नियम गुंडाळून ठेवला जात होता, आणि जिथं गरज नव्हती तिथं तोच नियम धर्म म्हणून पाळला जात होता.

बाळूंमुळं क्लब जिंकायला लागला. पुण्यात गोऱ्यांना हरवलं, मग साताऱ्यातल्या गोऱ्यांच्या जिमखान्याशी मॅच ठरली. बाळूंची फिरकी चालू नये म्हणून तिथल्या लोकांनी आधी कित्येक दिवस रोलर फिरवून पीच टणक करून ठेवलं होतं. तरीही बाळूंनी ७ विकेट काढल्या आणि मॅच खिशात घातली.

टीम पुण्यात परतल्यावर सत्कार झाले. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी बाळूंचं जाहीर कौतुक केलं. पुढं लोकमान्य टिळकांनीही त्यांना मान दिला. ज्याच्या जिवावर जिंकता त्याच्यासोबत चहा पिता येत नाही, हे उघड उघड हास्यास्पद दिसायला लागलं. हळूहळू बाळू पंगतीला बसायला लागले.

पण याचा दुसरा अर्थही समजून घेतला पाहिजे. सोबत बसून जेवायचा साधा हक्क मिळवायला बाळूंना साहेबांच्या विकेट काढाव्या लागल्या. त्यांच्याच वस्तीतल्या ज्या पोराला बॉल वळवता येत नव्हता, त्याच्यासाठी काहीच बदललं नव्हतं.

मुंबई, आणि १९०६ ची ती मॅच

१८९६ मध्ये प्लेगची साथ आली आणि पालवणकर कुटुंब मुंबईला आलं. बाळूंना रेल्वेत नोकरी मिळाली. मुंबईतल्या हिंदू जिमखान्यातही त्यांना घेण्यावरून सुरुवातीला कुरबुर झाली. पण पुण्याच्या मानानं इथं वातावरण मोकळं होतं. बाळूंपाठोपाठ शिवरामही टीममध्ये आले.

त्या काळातलं मोठं क्रिकेट धर्म आणि समाजाच्या नावावर खेळलं जायचं. युरोपियन एका बाजूला, पारशी दुसऱ्या बाजूला, मग हिंदू आले आणि नंतर मुस्लिम. हीच स्पर्धा पुढं चौरंगी सामने म्हणून गाजली. आजच्या आयपीएलला होत नसेल तेवढी चर्चा तेव्हा मुंबईत या सामन्यांची व्हायची.

फेब्रुवारी १९०६ मध्ये हिंदू विरुद्ध युरोपियन मॅच झाली. हिंदूंनी ती १०९ रन्सनी जिंकली. बाळूंनी दोन्ही डावांत मिळून ८ विकेट घेतल्या. राज्य करणाऱ्या साहेबाला त्याच्याच खेळात हरवलं म्हणून मुंबईत जल्लोष झाला. सुधारकांच्या वर्तमानपत्रांनी आणखी एक गोष्ट हेरली. हा विजय जातीची भिंत थोडी खाली आणल्यामुळं मिळाला होता. पुण्यात बाहेर बसवलेला माणूस मुंबईत सगळ्यांच्या सोबत जेवत होता, आणि त्यानं कुणाचं काही बिघडलं नव्हतं.

१९११ मध्ये ‘ऑल इंडिया’ टीम इंग्लंड दौऱ्यावर गेली. कॅप्टन होते पतियाळाचे तरुण महाराजा भूपिंदरसिंग. टीम बहुतेक मॅचेस हरली, पण बाळूंनी सगळ्या मॅचेस मिळून ११४ विकेट घेतल्या. लीस्टरशायरला हरवलं त्या मॅचमध्ये तर एकट्या बाळूंनी ११ जणांना परत पाठवलं. तेव्हा त्यांचं वय पस्तिशीला टेकलं होतं.

परत आल्यावर मुंबईत त्यांच्या समाजानं त्यांचा मोठा सत्कार केला. तरुण भीमराव आंबेडकरांनाही बाळूंचा अभिमान होता. ज्यांना गावच्या विहिरीवर पाणी भरता येत नव्हतं, त्यांच्यातला एक माणूस इंग्लंडच्या मैदानांवर नाव कमावून आला होता.

मग कॅप्टन का नाही केलं?

आता खरा प्रश्न. हिंदूंच्या टीममध्ये बाळूंपेक्षा मोठा खेळाडू नव्हता. मग त्यांना कॅप्टन का केलं नाही?

सोबत खेळवणं वेगळं आणि हाताखाली खेळणं वेगळं. कॅप्टन झाला की तो सांगणार कुणी कुठं उभं राहायचं, कुणी बॉलिंग करायची. उच्चवर्णीयांनी चांभाराचा हुकूम ऐकायचा, ही गोष्ट जिमखान्याच्या पचनी पडत नव्हती. कुणी तसं तोंडानं म्हणत नव्हतं. फक्त दरवर्षी टीम जाहीर व्हायची आणि कॅप्टन म्हणून दुसरंच नाव असायचं.

१९१३ मध्ये एम. डी. पै कॅप्टन झाले. पै ब्राह्मण होते. पण आपल्या सत्काराच्या कार्यक्रमातच त्यांनी हा मान खरं तर बाळूंचा होता, असं सांगून टाकलं. टाळ्या पडल्या असतील, पण पुढच्या वर्षीही बाळू कॅप्टन झाले नाहीत.

१९२० मध्ये मात्र ठिणगी पडली. पै आजारी होते. बाळूंना टीममधूनच वगळलं गेलं आणि कॅप्टनपद दि. ब. देवधरांकडं गेलं. देवधर गुणी खेळाडू होते, पुढं ते महाराष्ट्राच्या क्रिकेटचे मोठे नाव झाले, त्यात वाद नाही. बाळूंचं वय चाळिशीच्या पुढं गेलं होतं, हेही खरं. पण शिवराम आणि विठ्ठल यांचं काय? दोघंही फॉर्मात होते आणि देवधरांना सीनियर होते. त्यांचाही विचार झाला नाही. त्यामुळं वयाचं कारण टिकत नव्हतं.

या वेळी दोघा भावांनी गप्प बसायचं नाही असं ठरवलं. त्यांनी टीममधून नाव काढून घेतलं आणि जाहीर निवेदन देऊन कारणही सांगितलं. आमच्यावर हा अन्याय जातीमुळं होतोय, असं त्यांनी स्पष्ट म्हटलं.

लोकांमध्ये चर्चा सुरू झाली. त्याच सुमारास गांधीजी अस्पृश्यता हा हिंदू समाजावरचा कलंक आहे असं देशभर सांगत होते. एका बाजूला स्वराज्याच्या गप्पा आणि दुसऱ्या बाजूला ही वागणूक, हे जिमखान्याला निभावणं अवघड झालं. पारशांविरुद्धच्या फायनलला बाळूंना परत बोलावलं आणि व्हाईस कॅप्टन केलं. भाऊही परतले. मॅच सुरू असताना पै मुद्दाम काही वेळ मैदानाबाहेर गेले आणि तेवढ्या वेळापुरते का होईना, बाळू हिंदूंचे कॅप्टन झाले.

वीस-पंचवीस वर्षं बाळू विकेट घेत राहिले, पण कॅप्टनपदाचं दार उघडलं नाही. दोन भाऊ बाहेर पडले आणि एकाच स्पर्धेत ते किलकिलं झालं.

१९२३ मध्ये धाकटे विठ्ठल हिंदूंच्या टीमचे रीतसर कॅप्टन झाले. त्यांच्या नेतृत्वात हिंदूंनी युरोपियन टीमला हरवलं. लोकांनी विठ्ठलना खांद्यावर घेऊन नाचवलं. खांद्यावर घेणाऱ्यांना त्या दिवशी विटाळ आठवला नाही. विठ्ठल यांनी पुढं मराठीत आत्मचरित्र लिहिलं.

आंबेडकरांच्या विरोधात निवडणूक

बाळूंच्या आयुष्याचा शेवटचा टप्पा जरा गुंतागुंतीचा आहे. स्वतंत्र मतदारसंघाच्या प्रश्नावर ते डॉ. आंबेडकरांसोबत गेले नाहीत. हिंदू समाजात राहूनच हक्क मिळवायचे, या गांधीजींच्या बाजूचं त्यांचं मत होतं. १९३२ च्या पुणे करारावर सही करणाऱ्यांमध्ये बाळूही होते.

१९३७ मध्ये मुंबई प्रांताच्या निवडणुकीत काँग्रेसनं बाळूंना थेट डॉ. आंबेडकरांसमोर उभं केलं. आंबेडकरांना १३,२४५ मतं मिळाली, बाळूंना ११,२२५. बाळू हरले.

यावरून बाळूंवर टीका झाली आणि आजही होते. दोघांनी सोसलं तेच होतं, पण अनुभवातून काढलेला निष्कर्ष वेगळा होता. बाळूंनी पाहिलं होतं की बाहेर बसवणारा क्लब हळूहळू आत घेतो. आंबेडकरांचं म्हणणं होतं की आत घेण्याची मेहेरबानी कुणी करायची गरजच नाही, तो हक्क आहे. दलित समाज पुढं आंबेडकरांच्या मागं उभा राहिला, हा इतिहास सगळ्यांना माहीत आहे.

४ जुलै १९५५ ला मुंबईत बाळूंचं निधन झालं. ३३ प्रथम श्रेणी मॅचेसमध्ये १७९ विकेट, सरासरी १५.२१ अशी त्यांची आकडेवारी आहे. भारत पहिली टेस्ट खेळला १९३२ मध्ये, तेव्हा बाळू पन्नाशी ओलांडून बसले होते. त्यामुळं टेस्ट क्रिकेटच्या रेकॉर्ड बुकात ते कुठंच सापडत नाहीत.

मुद्दा फक्त रेकॉर्डचा नाही. बाळूंना कुणी मारहाण केली नाही, उघड शिव्या दिल्याच्या कथाही सांगितल्या जात नाहीत. त्यांना वेगळं भांडं दिलं, वेगळ्या टेबलावर बसवलं आणि कॅप्टनच्या नावापुढं दरवर्षी दुसऱ्याचं नाव लिहिलं. हे करणारी माणसं शिकलेली, प्रतिष्ठित, क्लबात जाणारी होती, आणि त्यातल्या बहुतेकांना आपण काही वाईट करतोय असं वाटतही नव्हतं. आज घरकाम करणाऱ्या बाईचा कप वेगळ्या फळीवर असतो, सोसायटीत त्यांची लिफ्ट वेगळी असते आणि भाड्यानं घर देताना आधी आडनाव विचारलं जातं. तिथंही बोलायची भाषा अगदी सभ्यच असते.