गाडीच्या ब्रेकला पहिलं अस्तर लावणारी बर्था बेंझ

बुलढाणा : राजूर घाट उतरताना सगळी भिस्त ब्रेकवर असते. आज प्रत्येक कारमध्ये ब्रेक पॅड आहेत. पण ब्रेकला झिजणारं अस्तर लावायची सुरुवात एका बाईने केली, हे किती जणांना माहीत आहे? तिचं नाव बर्था बेंझ.

बर्थाचा जन्म ३ मे १८४९ रोजी जर्मनीतल्या फोर्झहाइम गावी झाला. कार्ल बेंझशी लग्न ठरलं, तेव्हा त्याचा कारखाना अडचणीत होता. बर्थाने लग्नाआधीच हुंड्याचा पैसा त्यात घातला. १८७२ मध्ये लग्न झालं. १८८६ मध्ये कार्लला तीनचाकी मोटारीचं पेटंट मिळालं, पण गाडी घ्यायला गिऱ्हाईक पुढे येईना.

मग ऑगस्ट १८८८ मध्ये बर्था एका पहाटे नवऱ्याला न सांगता, दोन पोरांना घेऊन गाडीवर निघाली. मानहाइम ते माहेर, अंतर शंभर किलोमीटरच्या वर. इंधन औषधाच्या दुकानातून घेतलं. नळी तुंबली, ती टोपीच्या पिनेने साफ केली. चढावर पोरांनी गाडी ढकलली.

खरी परीक्षा उतारावर होती. ब्रेकचे लाकडी ठोकळे घासून घासून झिजले. माहेर जवळ आलं होतं, पण बर्थाने तशीच गाडी दामटली नाही. बाउश्लोट गावात थांबून तिने जोडे शिवणाऱ्या कारागिराकडून ठोकळ्यांवर चामडं ठोकून घेतलं. हेच मोटारीच्या ब्रेकचं पहिलं अस्तर मानलं जातं. संध्याकाळी ती सुखरूप माहेरी पोचली. गाडीचा बोलबाला झाला आणि धंदाही वाढला. ५ मे १९४४ रोजी, वयाच्या ९५ व्या वर्षी बर्था वारली.

आता आपल्या गाडीचं बघा. नवीन पॅडवर साधारण १० ते १२ मिलिमीटर मसाला असतो. तो ३ मिलिमीटरवर आला की पॅड बदलायचे. ब्रेक दाबताच किरकिर आवाज येणं, गाडी एका बाजूला ओढणं, ब्रेक ऑइल कमी होणं, ही लक्षणं दिसली की लगेच मेकॅनिक गाठा. खरखर आवाज आला, तर लोखंडावर लोखंड घासतंय समजा. मग पॅडसोबत डिस्कचाही खर्च बसतो, आणि घाटात ब्रेक लागला नाही तर जिवाशी गाठ.

लग्नसराईत गाडी माणसांनी भरून निघण्याआधी एकदा चाक खोलून पॅड बघून घ्या. बर्थाही घर जवळ आलं असताना त्यासाठीच थांबली होती.