मुखपृष्ठ : कादंबरीचे एक वाचन
(सत्यजित राय यांच्या संदर्भात)

अभिजात कादंबरीच्या नव्या आवृत्तीचे मुखपृष्ठ हा ग्रंथाचा केवळ बाह्य अलंकार होय, अशी समजूत रूढ आहे. सत्यजित राय यांचा जीवनक्रम पाहता तिचा फेरविचार करावा लागतो.

राय यांचा जन्म २ मे १९२१ रोजी कलकत्त्यात झाला. आजोबा उपेंद्रकिशोर हे लेखक, चित्रकार व हाफटोन मुद्रणतंत्राचे अभ्यासक. वडील सुकुमार हे विख्यात बालसाहित्यकार. १९२३ मध्ये वडील निवर्तले, पुढे घराण्याचा मुद्रणव्यवसायही हातचा गेला. पण अक्षर आणि चित्र यांच्या साहचर्याचा वारसा टिकला. शांतिनिकेतनात नंदलाल बोस व बिनोदबिहारी मुखर्जी यांच्याकडे शिकून, मात्र अभ्यासक्रम अपुरा सोडून, ते १९४३ मध्ये डी. जे. कीमर या जाहिरातसंस्थेत दरमहा ८० रुपये वेतनावर रुजू झाले.

तेथील सहकारी दिलीपकुमार गुप्त यांनी 'सिग्नेट प्रेस' ही प्रकाशनसंस्था काढली व मुखपृष्ठांचे काम राय यांच्याकडे सोपविले. कॉर्बेट यांच्या नरभक्षक वाघांवरील पुस्तकाच्या बंगाली अनुवादाचे वेष्टन त्यांनी व्याघ्रचर्मासारखे रंगविले. पुढील बाजूस गोळी शिरल्याचे छिद्र, मलपृष्ठावर ती बाहेर पडल्याचे मोठे छिद्र. मधला ग्रंथ म्हणजे जणू वाघाचा देह. आशयाशी एवढी एकरूपता सजावटीतून येत नाही, वाचनातून येते.

याच काळात बिभूतिभूषण बंद्योपाध्याय यांच्या 'पथेर पांचाली' (१९२९) या कादंबरीची मुलांसाठी संक्षिप्त आवृत्ती निघाली. 'आम आँटिर भेंपू', म्हणजे आंब्याच्या कोयीची पिपाणी, हे तिचे नाव. तिचे मुखपृष्ठ व आतील चित्रे राय यांनी केली. विस्तृत कथनातून कोणते क्षण दृश्यरूप घेऊ शकतात, याची निवड त्यांना या निमित्ताने करावी लागली. या संक्षेपावर चांगला चित्रपट होईल, असे गुप्त यांनी सुचविले. १९५२ मध्ये चित्रीकरणास आरंभ झाला, १९५५ मध्ये 'पथेर पांचाली' प्रदर्शित झाला आणि पूर्वीच्या चित्रांतील काही प्रसंग पडद्यावर आले.

या निवडीस मर्यादाही होती. कुटुंब गाव सोडते तेथे चित्रपट संपतो. कादंबरीतील काशीचे पर्व 'अपराजितो'मध्ये गेले. प्रत्येक वाचन काही उजळते, काही वगळते. मुखपृष्ठही त्यास अपवाद नाही.

२३ एप्रिल १९९२ रोजी राय यांचे निधन झाले, ते जगद्विख्यात दिग्दर्शक म्हणून. त्या कीर्तीची एक वाट मुलांच्या पुस्तकाच्या मुखपृष्ठावरून गेली होती. म्हणूनच कादंबरीच्या आवृत्त्यांचा अभ्यास करताना पाठभेदांइतकीच मुखपृष्ठांचीही नोंद व्हावयास हवी.