कपोताक्षकाठचा बॅरिस्टर

लग्नकार्यात पंगत उठली आणि पानाचं तबक फिरू लागलं, की परदेशी स्थायिक झालेल्या मुलांचा विषय निघतोच. घर केवढं, गाडी कोणती, हे झालं की कुणीतरी आवाज खाली आणून विचारतं, की काय हो, गेल्याचा पस्तावा होतो का त्याला? आईवडील गडबडतात. हो म्हणावं तर मुलाची फजिती, नाही म्हणावं तर आपली. बँकेतल्या नोकरीत अशा आईवडिलांच्या ठेवपावत्या करून देता देता हा प्रश्न मी पुष्कळदा ऐकला. आणि दर वेळी मला मायकेल मधुसूदन दत्त आठवला. (बंगालच्या एवढ्या मोठ्या कवीला मी एकेरीत संबोधतो आहे, ही कादंबरीकाराची खोड समजावी.)

जेसोर जिल्ह्यातलं सागरदांडी हे त्याचं गाव. ते आज बांगलादेशात आहे. गावाला लागून कपोताक्ष नदी. जन्म 25 जानेवारी 1824 चा. वडील राजनारायण कलकत्त्यातले नामांकित वकील, घरात पैसा, मुलगा लाडका. हिंदू कॉलेजात शिकताना त्याला इंग्रजी कवितेचं वेड लागलं आणि त्या वेडाच्या पोटात विलायतेचं. सतरा-अठरा वर्षांचा हा मुलगा न पाहिलेल्या इंग्लंडसाठी झुरणाऱ्या कविता इंग्रजीत लिहीत होता. वडिलांनी लग्न ठरवताच 1843 च्या फेब्रुवारीत तो ख्रिस्ती झाला. धर्म बदलला तर इंग्लंडची वाट मोकळी होईल, अशीही आशा त्यामागे होती. वाट मोकळी झाली नाही. घर मात्र सुटलं.

मग विलायतेऐवजी तो मद्रासला गेला. तिथं आठ वर्षं काढली, शाळेत शिकवलं, वर्तमानपत्रांतून लिहिलं, रेबेका नावाच्या मुलीशी लग्न केलं, चार मुलं झाली. इकडे आई वारली, 1855 मध्ये वडीलही गेले. वडील गेल्याचं त्याला जवळजवळ वर्षभरानं, मित्राच्या पत्रातून कळलं; तोवर भाऊबंदांनी इस्टेटीवर हात टाकला होता. परदेशी जाण्याची ही रंगीत तालीमच म्हणायची. रेबेकाला आणि मुलांना मागं ठेवून 1856 मध्ये तो कलकत्त्याला परतला. पुढं हेन्रिएटा त्याच्यापाशी आली आणि अखेरपर्यंत राहिली. रेबेकाचं पान असं पटकन उलटू नये, पण त्याचे चाहते बहुधा तेच करतात.

कलकत्त्यात पोलीस कोर्टातली साधी नोकरी. आणि तिथं चमत्कार झाला. ज्या बंगालीकडे त्यानं आयुष्यभर पाठ फिरवली होती त्या भाषेत 1859 ते 1862 या अवघ्या तीन-चार वर्षांत त्यानं नाटकं लिहिली, निर्यमक छंद आणला, 1861 मध्ये ‘मेघनादवध’ लिहून रावणाच्या मुलाला नायकपदी बसवलं. कुठलाही शहाणा माणूस इथं पाय रोवून उभा राहिला असता. मधुसूदन 9 जून 1862 रोजी ‘कँडिया’ बोटीनं बॅरिस्टर व्हायला निघाला.

आता माझ्यातला बँकवाला इथं पुढं सरसावतो. कोर्टकचेरी करून वडिलांची मिळकत त्यानं हाती घेतली होती. ती एकाला पट्ट्यानं दिली. त्यानं हेन्रिएटाला दरमहा 150 रुपये द्यायचे आणि मधुसूदनाला विलायतेत पैसे पाठवायचे, अशी व्यवस्था. कागदावर चोख. थोड्याच महिन्यांत पैसे थांबले. मुलगा परदेशी निघताना सगळे बोलतात ते तिथल्या थंडीबद्दल आणि जेवणाबद्दल. पैसे कोण पाठवणार आणि त्यानं नाही पाठवले तर काय, याचा विचार सहसा कुणी करत नाही. आज मुलाच्या शिक्षणकर्जासाठी घराचे कागद घेऊन येणारे वडील पाहिले की मला हे हटकून आठवतं.

पैसे थांबल्यावर हेन्रिएटा दोन लहान मुलांना घेऊन बोटीत बसली आणि 1863 च्या मे महिन्यात लंडनला पोचली. एकट्याचे हाल होते, आता चौघांचे झाले. स्वस्ताई म्हणून ते फ्रान्समध्ये व्हर्सायला गेले. राजवाड्याचं ते गाव. तिथं हा कवी किडूकमिडूक गहाण टाकत होता आणि कर्जापायी तुरुंगात जायची भीती बाळगत होता. कलकत्त्यातल्या धनिक मित्रांकडे पत्रं गेली, उत्तरं आली नाहीत. शेवटी 1864 च्या जूनमध्ये त्यानं ईश्वरचंद्र विद्यासागरांना लिहिलं. ऑगस्टच्या अखेरीस एका सकाळी मुलं जत्रेला जायचा हट्ट धरून बसली होती आणि घरात फक्त तीन फ्रँक होते. हेन्रिएटा रडत त्याच्याकडे आली. आज टपालाचा दिवस आहे, असा धीर त्यानं तिला दिला. तासाभरात विद्यासागरांचं पत्र आलं आणि 1500 रुपये. विद्यासागर काही सावकार नव्हते. पुढचे पैसे त्यांनी स्वतःच्या शब्दावर इतरांकडून उसने काढून पाठवले आणि नंतर त्या माणसांचा तगादाही सोसला. परदेशगमनाचा हिशेब मांडताना हे खातं बहुधा कोरंच राहतं.

त्याच व्हर्सायमध्ये मधुसूदन फ्रेंच, इटालियन, जर्मन शिकत होता आणि बंगालीत चौदा ओळींच्या कविता लिहीत होता. आपल्याकडे केशवसुतांनी सुनीत आणलं त्याच्या बरंच आधीची ही गोष्ट. शंभरावर सुनीतांचा तो संग्रह 1866 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात कपोताक्ष नदी आहे, विजयादशमी आहे, कृत्तिवास आणि काशीराम दास आहेत, कालिदास आहे, विद्यासागरही आहेत. सागरदांडीत राहिला असता तर नदीवर त्यानं कविता केली असती का, याची मला शंका आहे.

इथं पुष्कळांची एक गल्लत होते. मातृभाषेला मुकल्याची खंत सांगणारं त्याचं जे सुनीत फार गाजलं, ते परदेशातल्या पश्चात्तापाचं म्हणून ओळखलं जातं. त्याचा पहिला खर्डा मात्र 1860 मधला, कलकत्त्यात बसून लिहिलेला. पस्तावा होता, पण तो इंग्रजीत कविता करण्यात घालवलेल्या वर्षांचा. बोटीत बसण्याचा नव्हे, कारण तोवर तो बोटीत बसलाच नव्हता. युरोपबद्दल त्यानं मित्राला कळवलं ते असं, की इथं आलं म्हणजे आपण जिंकल्या गेलेल्या देशाचे आहोत हे विसरायला होतं. पोट रिकामं असताना लिहिलेली ही पत्रं आहेत. घराची आठवण एका कप्प्यात आणि पस्तावा दुसऱ्या, असा हा माणूस. लग्नाच्या पंगतीत आपण दोन्ही एकाच कप्प्यात कोंबतो आणि मुलगा गणपतीत हळवा झाला की तो चुकला असं ठरवून टाकतो.

माझ्या मते खरी चूक परतल्यावर झाली. 1866 च्या नोव्हेंबरात तो बॅरिस्टर झाला. मुलांचं शिक्षण युरोपातच व्हावं म्हणून बायकोमुलांना फ्रान्समध्ये ठेवून 1867 च्या फेब्रुवारीत एकटा कलकत्त्याला आला. विद्यासागरांनी त्याच्यासाठी घर बघून सजवून ठेवलं होतं. हा उतरला तो थेट महागड्या स्पेन्स हॉटेलात. बॅरिस्टरनं विलायतेसारखंच राहायला हवं, असा त्याचा हिशेब. हायकोर्टात कमाई बरी झाली, खर्च तिच्या कितीतरी पुढं धावला. 1869 मध्ये हेन्रिएटा मुलांसह परतली. वकिली सोडून त्यानं पगाराची नोकरी धरली, तीही सुटली. पुढं विद्यासागरांनीही हात आखडता घेतला. त्यांना दोष देण्याचं धाडस मी करणार नाही. 26 जून 1873 रोजी हेन्रिएटा गेली. इस्पितळात पडलेल्या मधुसूदनाला ती बातमी कळली आणि 29 जूनला तोही गेला. वय 49. मुलं पोरकी झाली, पण वंश टिकला. टेनिसपटू लिअँडर पेस त्याच वंशातला, आईकडून.

कलकत्त्याच्या लोअर सर्क्युलर रोडवरच्या दफनभूमीत त्याची कबर आहे. तिच्यावरच्या ओळी त्यानं स्वतःच लिहून ठेवल्या होत्या, बंगालीत. बंगालात जन्मलेल्या वाटसरूला तो क्षणभर थांबायला सांगतो आणि मग आपली ओळख देतो. सागरदांडी गाव, कपोताक्ष नदी, वडिलांचं नाव, आईचं नाव. बॅरिस्टर झाल्याचा उल्लेख त्यात नाही.