शिशाची सुरळी करणारा माणूस : गॅस्टन प्लांटे

लाईट गेली की हॉस्टेलभर एक आरोळी उठते, ‘टक्’ आवाज होतो आणि पंखे पुन्हा फिरू लागतात. आपण म्हणतो, “इन्व्हर्टर आहे म्हणून बरं!” पण मित्रहो, इन्व्हर्टर वीज साठवत नाही. तो फक्त बॅटरीच्या १२ व्होल्ट डीसीचे २३० व्होल्ट एसी करून देतो. खरी शिदोरी असते त्याच्या शेजारच्या जड डब्यात. तो डबा ज्याच्यामुळे आपल्याला मिळाला, त्याचं नाव गॅस्टन प्लांटे.

प्लांटेचा जन्म २२ एप्रिल १८३४ चा, फ्रान्समधल्या ऑर्थेझ गावचा. धाकटा भाऊ फ्रान्सिस पुढे नामवंत पियानोवादक झाला. गॅस्टन मात्र भौतिकशास्त्रात रमला. १८५४ मध्ये, विसाव्या वर्षी, पॅरिसच्या एका नामांकित तंत्रशिक्षण संस्थेत तो भौतिकशास्त्राचा सहायक म्हणून लागला. पुढच्याच वर्षी पॅरिसजवळ म्यूदों इथे त्याला एका प्रचंड, न उडणाऱ्या प्राचीन पक्ष्याचे जीवाश्म सापडले. त्या पक्ष्याला त्याच्याच नावावरून ‘गॅस्टॉर्निस’ म्हणतात. म्हणजे बॅटरीच्या आधीच साहेब पक्ष्यामुळे अमर झाले होते!

त्या काळी विजेचे सेल होते, पण एकदा संपले की संपले. शिवाय वापरताना त्यांच्या पट्ट्यांवर वायू साचून उलट दिशेचा दाब तयार व्हायचा आणि प्रवाह घटायचा. सगळ्यांना ही कटकट वाटायची. प्लांटेने तिचाच अभ्यास करायला घेतला. वेगवेगळे धातू आम्लात बुडवून त्यांतून प्रवाह सोडायचा, मग जोडणी काढून उलटा प्रवाह किती आणि किती वेळ येतो ते मोजायचं. या परीक्षेत शिसं पहिलं आलं.

१८५९ मध्ये त्याने शिशाचे दोन लांब पत्रे घेतले, मध्ये कापड घातलं, त्यांची सुरळी केली आणि ती पातळ सल्फ्युरिक आम्लात उभी केली. पुन्हा पुन्हा चार्ज होणारी पहिली व्यवहारोपयोगी बॅटरी तयार झाली! १८६० मध्ये त्याने असे नऊ सेल जोडून फ्रेंच विज्ञान अकादमीपुढे ठेवले.

आत नेमकं काय घडतं? चार्जिंग करताना धन पट्टीवर तपकिरी लेड डायऑक्साइड आणि ऋण पट्टीवर सच्छिद्र शिसं बनतं. बॅटरी वापरली की दोन्हींचं लेड सल्फेट होतं आणि आम्ल खर्ची पडून पातळ होतं. म्हणून तर हायड्रोमीटर बुडवून ग्रॅव्हिटी बघतात. एका सेलचे सुमारे २ व्होल्ट, सहा सेलचे १२.

पण एक मोठी अडचण होती. कोऱ्या शिशात फारच थोडी वीज मावायची. चार्ज करा, रिकामी करा, दिशा उलटवा, पुन्हा चार्ज करा, असं आठवडे, कधी महिने केल्यावर पत्र्याचा पृष्ठभाग सच्छिद्र व्हायचा. आणि चार्जिंगला वीज कुठली? तेव्हा ना वीजकेंद्र ना भिंतीत प्लग. जुनेच, संपणारे सेल जोडून ही नवी बॅटरी भरावी लागे! त्यामुळे शोध लागूनही कित्येक वर्षं तो बहुतांशी प्रयोगशाळेतच राहिला.

प्लांटे थांबला नाही. ८०० सेल एकत्र जोडून त्याने उच्च दाबाचे प्रयोग केले, विजेच्या गोळ्यांसारख्या निसर्गातल्या चमत्कारांचा मागोवा घेतला. १८७९ मध्ये त्याचं विजेवरचं संशोधन पुस्तकरूपाने आलं. दरम्यान १८७० च्या दशकात ग्रामचा डायनॅमो आला आणि चार्जिंगचा प्रश्न सुटला. १८८१ च्या सुमारास कामी फोर याने पत्र्यांवर शिशाच्या ऑक्साइडचा लेप दिला आणि महिन्यांचं काम झटपट होऊ लागलं. बॅटरी कारखान्यात पोचली ती आता. २१ मे १८८९ रोजी, ५५ व्या वर्षी, प्लांटे गेला, तोही म्यूदोंलाच.

आज लिथियम बॅटऱ्या आल्या आहेत, तरी असंख्य घरांत इन्व्हर्टरखाली प्लांटेचं शिसंच आहे. ते टिकवायचं तर त्याचा स्वभाव ओळखा. बॅटरी रिकामी पडून राहिली की सल्फेटचे खडे कडक होतात, मग ती नीट चार्जच होत नाही. पाणी कमी झालं तर डिस्टिल्ड वॉटरच घाला, नळाचं नको. चार्जिंगच्या शेवटी हायड्रोजन सुटतो, म्हणून खिडकी उघडी हवी आणि जवळ काडी ओढणं वर्ज्य.

आणि हिशेब विसरू नका. १५० अँपिअर-अवर गुणिले १२ म्हणजे कागदावर १८०० वॅट-अवर. ३०० वॅटचे पंखे-दिवे सहा तास चालायला हवेत. प्रत्यक्षात कमीच चालतात, कारण इन्व्हर्टर स्वतःही थोडी वीज खातो आणि प्रवाह जास्त ओढला की बॅटरीची क्षमता घटते. त्यात कुणी गुपचूप १५०० वॅटची किटली लावली तर बॅटरीतून सव्वाशे अँपिअरच्या वर प्रवाह मागितला जातो. मग एकाच्या चहापायी अख्खी विंग अंधारात!

जी गोष्ट सगळ्यांना दोष वाटत होती, तिच्यात प्लांटेला साठवण दिसली. प्रॅक्टिकलला रीडिंग उलटं आलं की आपण ते खोडून शेजाऱ्याचं उतरवतो. पुढच्या वेळी खोडण्याआधी, ते उलटं का आलं एवढं तरी बघू या!